होस्टा पुण्यात येईल का?

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुलांकडे उन्हाळा काढून आलेली पुणेकर मंडळी बागेचा विषय निघाला की हमखास एक प्रश्न विचारतात. ‘तिकडे झाडाखाली, कुंपणाच्या कडेला, दाराशी, जिकडे बघावं तिकडे ती मोठ्या पानांची झुडपं होती. कुणी निळसर, कुणी पोपटी, कुणी पांढऱ्या काठाची. होस्टा की काय म्हणतात त्याला. आपल्याकडे का मिळत नाही?’ काहींनी तिथल्या एखाद्या रोपवाटिकेची खास मांडलेली बागही पाहिलेली असते. मोठ्या झाडांच्या सावलीतून पायवाट, दोन्ही बाजूंना होस्ट्याचे निरनिराळे प्रकार जमिनीत वाढलेले, आणि प्रत्येकापाशी नावाची पाटी. फुलं जवळपास नाहीतच. तरी माणसं तासन्‌तास रमतात.

प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं: कुंडीत एखाद-दोन वर्षं तग धरेल, पण पुण्यात होस्टा नांदणार नाही. यातलं ‘का’ मात्र थोडं सविस्तर बघण्याजोगं आहे. ते कळलं की पुण्याच्या सावलीत काय लावावं आणि रोपवाटिकेत रोप कसं पारखावं, हेही बरंचसं कळतं.

१. हा पाहुणा कोण?

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठी, डोंगरउतारावरच्या ओलसर सावलीत तो आपोआप उगवतो. जपानात त्याचे वसंतातले कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. युरोपात एक सुवासिक चिनी जात अठराव्या शतकाच्या अखेरीस पोचली. जपानी जातींचा मोठा साठा मात्र फिलिप फ्रांत्स फॉन झीबोल्ट या जर्मन डॉक्टरामुळे गेला. डच व्यापाऱ्यांच्या नागासाकीच्या ठाण्यावर तो १८२३ ते १८२९ या काळात होता. परत गेला तेव्हा त्याची जपानी झाडं हॉलंडमधल्या लायडनच्या बागेत रुजली. पुढे अमेरिकेत या झाडाचं एवढं वेड पसरलं की १९६८ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था निघाली. आज नाव दिलेले प्रकार हजारांत मोजतात. ‘ब्लू माऊस इअर्स’ नावाचा प्रकार वीतभरही उंच होत नाही, तर ‘सम अँड सबस्टन्स’चा एकच गड्डा पाच फूट जागा अडवतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला शतावरीच्या कुळात घालतात. या कुळातली मंडळी आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. गुलटेकडीच्या फूलबाजारात रोज उतरणारा निशिगंध, शेताच्या बांधावरचा घायपात, फ्लॅटच्या दाराशी कुंडीत उभा असलेला स्नेक प्लांट आणि पावसाळ्यात आदिवासी बायका वाटे लावून विकतात ती फोडशीची भाजी, हे सगळे होस्ट्याचे भाऊबंद. निशिगंध मेक्सिकोहून आला आणि महाराष्ट्रात इतका रुळला की तो परका आहे हेच कुणाच्या लक्षात नाही. मग त्याच कुळातल्या होस्ट्याचं काय अडतं?

२. थंडीचे तास

अडतं ते झोपेपाशी. पानगळीच्या दिवसांत होस्ट्याची पानं पिवळी पडतात, लोळतात आणि सडून जातात. वर काहीच उरत नाही. मातीखाली गड्डा आणि त्यावर पुढच्या वर्षीचे मिटलेले डोळे असतात. ते डोळे नुसती ऊब मिळाली म्हणून फुटत नाहीत. जपानच्या डोंगरात ऐन हिवाळ्यातही चार दिवस ऊन पडतं. त्या उन्हाला भुलून कोंब वर आले, तर पुढच्या बर्फात मरतील. म्हणून झाडाने स्वतःला एक अट घालून घेतली आहे: ठरावीक थंडी भोगून झाल्याशिवाय उठायचं नाही. सफरचंदाचीही हीच अट, म्हणून ते हिमाचलात पिकतं. कमी थंडीत फळणाऱ्या सफरचंदाच्या जाती आता निघाल्या आहेत. होस्ट्यातही ती चिनी सुवासिक जात जरा कमी थंडीवर भागवून घेते.

आता हिशोब करू. बहुतेक होस्ट्यांना साधारण सहा आठवडे पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी हवी. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, म्हणजे १,००८ तास. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान दहा-बाराच्या घरात असतं. थंडीची लाट आली तर सात-आठावर उतरतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. त्याच दिवशी दुपारी दोनला पारा अठ्ठावीसच्या पुढे असतो. पाच अंशांची अट सोडून दहा अंश धरले आणि दोन महिने रोज पहाटे तीन तास दहाच्या खाली गेले असं उदार मनाने मानलं, तरी ६० गुणिले ३, म्हणजे १८० तास होतात. पाच अंशांची मूळ अट ठेवली तर पुण्याच्या बहुतेक हिवाळ्यांत हा आकडा शून्य. पुण्याचं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तेही १९३५ च्या जानेवारीतलं.

महाबळेश्वर? वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दवबिंदू गोठतात आणि त्याच्या बातम्या होतात. पण ऊन चढलं की थंडी ओसरते. गड्ड्याला सलग थंडी लागते, ती तिथेही मिळत नाही.

अट पुरी झाली नाही तर होस्टा लगेच मरत नाही, आणि इथेच हौशी माणूस फसतो. पहिल्या वर्षी गड्ड्यात साठवलेल्या शिदोरीवर पानं झकास येतात. दुसऱ्या वर्षी कोंब कमी आणि पानं लहान. तिसऱ्या पावसाळ्यात अर्धवट झोपेतला गड्डा ओल्या मातीत कुजतो. यावर काही जण फ्रीजचा तोडगा काढतात. डिसेंबरात गड्डा धुऊन, ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून भाजीच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवतात. शास्त्राच्या दृष्टीने तोडगा बरोबर आहे. पण गड्डा बाहेर निघतो जानेवारीअखेर, कोंब फुटतात फेब्रुवारीत, आणि पानं पुरती उलगडेपर्यंत एप्रिलचं अडतीस-चाळीसचं ऊन दाराशी येतं. एवढे सोपस्कार करून दोन महिन्यांची पानं मिळणार असतील, तर हौसेला मोल नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी तरी हे कुणाला सुचवणार नाही.

३. आपल्याकडची झोप

झोपणारी झाडं आपल्याकडेही आहेत. फक्त त्यांचा ऋतू निराळा आहे. सह्याद्रीतल्या झाडाला थंडीची भीती नाही. त्याला पावसाविना काढायच्या सात-आठ महिन्यांची भीती आहे. म्हणून फोडशी दिवाळीच्या आसपास वरून वाळून जाते आणि मुळांच्या गाठी घेऊन जमिनीत पडून राहते. सफेद मुसळी तिची सख्खी बहीण. तिच्या शास्त्रीय नावात मुंबईची बोरिवली आहे. मे अखेरीस, पाऊस तोंडावर असताना शेवळं वर येतात. सुरण, रानहळद यांचंही वेळापत्रक असंच. सिंहगडाच्या वाटेवर जुलैत जो उतार हिरवागार दिसतो, तोच एप्रिलमध्ये उघडाबोडका दिसतो. तिथली अर्धी झाडं मेलेली नसतात, कोरड्या मातीत झोपलेली असतात.

ही गोष्ट बागेत रोज उपयोगी पडते. पुण्याच्या रोपवाटिकांत जुलै-ऑगस्टमध्ये कॅलेडियम भरपूर दिसतं. हृदयाच्या आकाराची कागदाइतकी पातळ पानं, पांढरी, गुलाबी, लाल, हिरव्या शिरांची. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, पण तिथेही कोरड्या ऋतूत कंद झोपवून जगणारं, म्हणून आपल्या हवेशी त्याचं जुळलं. होस्ट्याची हौस पुण्यात कशाने भागत असेल तर ती कॅलेडियमने. नोव्हेंबरात त्याची पानं एकेक करून लोळतात. घरचा माणूस घाबरतो, पाणी वाढवतो, वर खत घालतो. कंद कुजतो आणि कुंडी फेकली जाते. खरं तर तेव्हा पाणी तोडायचं असतं. पानं पूर्ण वाळू द्यावीत, कुंडी कोरड्या सावलीत आडवी करून ठेवावी, आणि एप्रिल-मेमध्ये कंद उकरून नव्या मातीत लावावा. पोयटा, शेणखत, थोडं कोकोपीट, एवढं पुरे. कंदाचा डोळ्यांचा भाग वर ठेवायचा. तो उलटा लागला तरी कोंब येतो, फक्त वळसा घेऊन उशिरा येतो.

कॅलेडियम अळूच्या कुळातलं आहे, हे घरात लहान मूल असेल तर विसरू नये. पान चावलं तर घशाला जबरदस्त खाज सुटते. डिफेनबेकिया, ॲग्लोनेमा, मनी प्लांट यांचीही तीच गत.

४. पानावरचा पांढरा रंग येतो कुठून?

पानांसाठी लावायच्या झाडांत सगळी किंमत असते ती ठिपक्या-पट्ट्यांची. पण प्रत्येक पांढरा डाग एकाच कारणाने येत नाही, आणि कारण ठाऊक नसेल तर पैसे वाया जातात.

सर्वांत सोपं कारण म्हणजे नक्षी झाडाच्या स्वभावातच असते. कॅलेडियमचे डाग, मरांटा-कॅलेथियाच्या पानावरचे पट्टे हे त्या झाडाच्या प्रत्येक पेशीत लिहिलेले असतात. कुठलाही तुकडा लावा, नक्षी तीच येणार.

दुसरं कारण हवेचं. पायलियाच्या पानावरची चांदी हा रंग नसून पानाच्या वरच्या कातडीखाली अडकलेली हवा असते. त्या पोकळीवरून उजेड परततो आणि आपल्याला रुपेरी दिसतं. होस्ट्याचा निळा रंगही असाच फसवा. पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्याने निळं भासतं. पडताळा घरीच घेता येतो: कोबीचं बाहेरचं पान घ्या, अंगठ्याने जोरात पुसा. निळसर झाक जाऊन खाली चकचकीत हिरवं दिसेल. म्हणून मेणाच्या पानांवर चकाकी आणणारा फवारा मारू नये. किंमत मोजून आणलेला रंगच त्याने पुसला जातो.

तिसरं कारण सर्वांत गमतीचं, आणि होस्ट्याच्या काठाचे बहुतेक प्रकार त्यातच मोडतात. झाडाचा वाढीचा शेंडा थराथरांचा असतो. एखाद्या थरातल्या एका पेशीची हिरवं द्रव्य बनवायची क्षमता अचानक जाते. तिच्यापासून झालेल्या साऱ्या पेशी पांढऱ्या किंवा पिवळ्या निघतात आणि हळूहळू तो सबंध थरच तसा होतो. पुरणपोळी कितीही लाटली तरी पारी बाहेरच राहते आणि पुरण आतच. तसा शेंड्यातून कितीही पानं निघोत, हा थर आपली जागा सोडत नाही. पानाची कड बाहेरच्या थरातून घडते, मधला भाग आतल्या थरातून. बाहेरचा थर पिवळा असेल तर पिवळा काठ, आतला पांढरा असेल तर पान मध्ये पांढरं. एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी नांदतात.

हे पुण्यातल्या कुठल्याही गॅलरीत करून बघता येतं. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट घ्या. त्याचं एक पान कापून तीन-चार इंचांचे तुकडे करा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि वाळूत उभे रोवा. खालचं टोक खालीच राहू द्या. काही आठवड्यांनी मुळं येतील, पुढे मातीतून नवं रोप डोकं काढेल. ते साधं हिरवं असेल, काठ गायब. पानाच्या तुकड्यातला नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून घडतो, बाहेरच्या पिवळ्या थराला त्यात वाटा मिळत नाही. काठ हवा असेल तर मुळाशी आलेला फुटवा गड्ड्यासकट वेगळा करावा लागतो, कारण त्याच्या शेंड्यात सगळे थर शाबूत असतात. होस्ट्याचे काठाचे प्रकार फुटवे वेगळे करूनच वाढवतात, याचं कारण हेच. बी पेरलं तर आईबापांवर गेलेलं पोर मिळेलच असं नाही.

अशी रोपं पुन्हा हिरवी का होतात, हेही यातून उलगडतं. पांढऱ्या भागाला अन्न तयार करता येत नाही. शंभर चौरस सेंटिमीटरचं हिरवं पान आणि तेवढंच अर्धं पांढरं पान शेजारी ठेवा: दुसऱ्याची कमाई निम्मी, खर्च जवळपास तेवढाच. एखादी फांदी चुकून सबंध हिरवी निघाली तर ती दुप्पट कमावते, जोमाने वाढते आणि बाकीच्यांना झाकून टाकते. म्हणून चित्रित पानांच्या झाडावर हिरवी फांदी दिसली की मुळापासून छाटायची. दया दाखवली तर वर्षभरात झाड साधं होतं. उलट सबंध पांढरी फांदी बघायला सुंदर दिसते, पण ती आयतं खाणारी. तिची कलमं करून विकणाऱ्यापासून दूर राहावं.

चौथं कारण रोगाचं. भेंडीवर केवडा पडला की शेतकरी कपाळाला हात लावतो. शिरा पिवळ्या पडलेलं ते पान बागेत कुणी पाहिलं तर कदाचित ‘काय सुंदर जाळी आहे’ म्हणेल. हे अगदीच कल्पनेतलं नाही. १९९६ मध्ये मिनेसोटात होस्ट्यावरचा एक विषाणू ओळखला गेला. तो पानात शाईसारखे डाग पाडतो. विषाणू ओळखला जाण्याआधी आणि नंतरही काही वर्षं रोगट झाडं नवे प्रकार म्हणून नावं देऊन विकली गेली. ‘ब्रेक डान्स’ आणि ‘लेपर्ड फ्रॉग’ ही त्यांतली दोन. कात्रीला लागलेल्या रसातून रोग पुढच्या झाडावर जातो. आपण एका कुंडीनंतर दुसरी छाटताना पातं पुसत नाही, ही सवय तेवढ्यासाठी तरी बदलायला हवी.

पाचवा प्रकार सरळ फसवणुकीचा आहे. ‘पिंक काँगो’ नावाचा गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन काही वर्षांपूर्वी जगभर महागात विकला गेला. तो गुलाबीपणा रसायनाच्या प्रभावाचा होता. काही महिन्यांनी नवी पानं हिरवी येऊ लागली.

५. पिशवीतलं रोप आणि वाढलेलं झाड

रोपवाटिकेच्या मांडलेल्या बागेचं महत्त्व इथे येतं. पिशवीतलं रोप आपल्याला फक्त आजचा चेहरा दाखवतं. होस्ट्याचं खरं पान, त्याचा पुरता आकार, सुरकुत्या आणि काठ दिसायला चार-पाच वर्षं जातात. म्हणून तिकडच्या रोपवाटिका तो जमिनीत लावून, वाढवून दाखवतात. ग्राहक पाहतो ती वाढलेली आवृत्ती, आणि विकत घेतो तिचं पोर.

बघणाऱ्याची नजरही बागेला काही देऊन जाते. १९३६ मध्ये फ्रान्सेस विल्यम्स नावाच्या बाई अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका रोपवाटिकेत हिंडत होत्या. एकाच जातीच्या होस्ट्याच्या लांबच लांब ओळीत त्यांना एक झाड निराळं दिसलं, पानाला पिवळी कड असलेलं. त्यांनी ते विकत घेतलं. पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि कित्येक वर्षं अमेरिकेतल्या सर्वांत लाडक्या होस्ट्यांत गणलं गेलं. त्या ओळीतून रोज जाणाऱ्या माळ्यांना ते दिसलं नसेल असं नाही. त्यांना ती फक्त ओळ होती.

टिश्यू कल्चरमुळे अशा वेगळ्या रोपांची संख्या वाढली. जळगावकडच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको: प्रयोगशाळेत बाटलीतून लाखो रोपं निघतात तेव्हा काही आपोआप बिघडतात. केळीत ती वेचून फेकतात. पानांच्या झाडांत नीट बघून ठेवतात, एखादीतून नवा प्रकार निघू शकतो. निळ्या ‘हॅल्सिऑन’ होस्ट्यातून पिवळ्या मध्याचा ‘जून’ असाच निघाला.

वाढलेलं झाड बघण्याचा आपल्याकडचा सर्वांत सोपा धडा म्हणजे मनी प्लांट. बाटलीतलं त्याचं पान तळहाताएवढं. तोच वेल जुन्या आंब्यावर किंवा नारळावर चढला की पान हात-दीड हात लांब होतं आणि कडेने चिरत जातं. सिंगोनियमचं कोवळं पान बाणाच्या टोकाचं असतं, वर चढल्यावर त्याला पाच-सात बोटं फुटतात. मॉन्स्टेराच्या रोपाला भोकं नसतात. भोकं नाहीत म्हणून तक्रार घेऊन परत येणारे ग्राहक सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही रोपवाटिकावाल्याला ओळखीचे आहेत.

६. सावली मोजायची कशी?

‘सावलीतलं झाड’ हा फार ढिला शब्द आहे. भर दुपारच्या उन्हातल्या उजेडाची मोजणी सुमारे १,००,००० लक्स येते. हडपसर, मांजरी, उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकांत हिरवी शेडनेट असते. ७५ टक्क्यांची जाळी म्हणजे खाली पोचतात २५,००० लक्स. तिथून झाड उचलून आपण दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे ठेवतो, तिथे २०० लक्स असले तरी पुष्कळ. २५,००० भागिले २००, म्हणजे १२५. झाडाचं उत्पन्न एका दिवसात सव्वाशेपट घटलं. महिन्याभरात ते पानं टाकतं आणि आपण म्हणतो, ‘सावलीतलं म्हणून सांगितलं होतं, फसवलं.’ रोपवाटिकेत ते सावलीतच होतं, फक्त ती सावली आपल्या सोफ्यामागच्या अंधारापेक्षा सव्वाशेपट उजेडाची होती.

उलटही घडतं. शेडनेटखालचं कॅलेडियम पश्चिमेच्या गच्चीत ठेवलं की पांढऱ्या भागाला तपकिरी चट्टे पडतात. तिथे हिरवं द्रव्यच नाही, आलेल्या उजेडाचं काय करायचं हे त्या पेशींना कळत नाही. क्रोटनचं मात्र उलट आहे. त्याला ऊन कमी पडलं तर लाल-पिवळा रंगच चढत नाही. सकाळी दहापर्यंतचं ऊन आणि पुढे झाडाची जाळीदार सावली, ही जागा कॅलेडियम, ॲग्लोनेमा, मरांटा, नेचे या सगळ्यांना मानवते. अशी जागा पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत आंब्याखाली आणि इमारतीच्या पूर्व बाजूला हमखास असते, आणि बहुतेक ठिकाणी तिथे स्कूटर उभी असते.

७. पुण्यात बघायचं कुठे?

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग १७०० मध्ये पुरी झाली. होस्ट्याच्या मायदेशाची मांडणी बघायची असेल तर इथे जावं. पाण्याची वळणं, दगड आणि हिरवळीचे चढउतार जपानहून आणता आले. जपानचा हिवाळा आणता येत नाही, म्हणून झाडं इथल्या हवेचीच.

पण झाडं ‘वाढलेली’ बघायची तर रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० सालची संस्था ती चालवते. सुमारे ३९ एकरांत जुने वृक्ष आहेत, आणि गारंबीचा तो प्रचंड वेल, ज्याची खोडंच झाडाएवढी झाली आहेत. त्याच्या हातभर लांब शेंगा सापडल्या तर मुलांना दाखवाव्यात. दर जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास इथे पुष्पप्रदर्शन भरतं. फुलांच्या गर्दीत पानांच्या कुंड्यांपाशी माणसं कमी थांबतात, त्यामुळे तिथे निवांत बघता येतं. माझी एकच कुरकुर आहे. जानेवारीत पुण्यातले कंद झोपलेले असतात, त्यामुळे पानांचा खरा हंगाम या प्रदर्शनात दिसतच नाही. तो दिसतो जुलै ते सप्टेंबर, आणि तेव्हा जायचं ते रोपवाटिकांत.

तिथे मात्र आपल्याकडे मोठी उणीव आहे. ओळीने पिशव्या, वर जाळी, आणि ‘काय पाहिजे बोला’. जमिनीत लावलेलं, पाटी असलेलं, पाच वर्षांचं झाड क्वचितच असतं. फळझाडांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे, आणि आंब्याचं कलम कुठल्या मातृवृक्षावरून काढलं हे विचारायचा रिवाज शेतकऱ्यांत पक्का आहे. केसरचं कलम घेणारा शेतकरी आधी मातृवृक्षापाशी जातो, त्याच्या पानावर, फळावर नजर टाकतो, मगच पैसे काढतो. शोभेच्या रोपाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून कुणी मातृरोप जपतही नाही. सावलीत दोन गुंठे जागा, वीस-पंचवीस प्रकार, प्रत्येकाला नाव आणि लावल्याचं वर्ष, एवढं केलं तरी पुण्यातल्या रोपवाटिकेची मांडलेली बाग उभी राहील. तिला होस्टा लागत नाही.

तोवर ग्राहकाने आपल्यापुरतं एक करावं. रोप आवडलं की भाव विचारण्याआधी सांगावं, ‘याचं मदर प्लांट दाखवा.’ दाखवलं, तर त्याच्या बुडाशी हिरवी फांदी फुटली आहे का, जुन्या पानांवर शाईचे डाग आहेत का, ते उभं आहे तिथे ऊन किती आहे, एवढं बघा आणि रोप तिथूनच घ्या, वीस-तीस रुपये जास्त पडले तरी.